‘दादा’ नंबरचे चाळीस हजार आणि जुन्या अलॉयचा भाव

अमळनेरच्या एका मुलानं विचारलंय: धुळ्यात २०१७ची स्विफ्ट बघून आलोय. एमएच-१८ पासिंग, नंबर ४१४१. मालक गाडीचा भाव वेगळा सांगतो आणि नंबरचे चाळीस हजार वेगळे मागतो, कारण तो ‘दादा’ नंबर आहे. अलॉयची चाकं, अँड्रॉइड स्क्रीन आणि सीट कव्हर मी सेकंडहँड शोधतोय. भाव कसा पाडू? आणि नंबरचे पैसे द्यावेत का?

वयानं लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. जळगावात माझं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. त्याआधी नंबर प्लेट रंगवायचो, आधी ब्रशनं, मग रेडियम कापून. म्हणजे तुझ्या दोन्ही प्रश्नांवर माझं पोट भरलेलं आहे.

आधी नंबरचं उरकतो, कारण तिथे तुझे चाळीस हजार अडकलेत.

४१४१चा दादा कसा होतो ते मला विचार. इंग्रजी चारच्या पोटाला गोलाई द्यायची, खाली बारीक शेपटी काढायची, झाला द. एकची मान सरळ करून वर रेघ जोडली की काना. चारही आकडे एका शिरोरेषेखाली बांधले की लांबून कोणीही दादाच वाचतो. ८०५५चा बॉस, २१४चा राम असेच. साध्या पाटीच्या तिप्पट पैसे घ्यायचो दादाचे, आणि गिऱ्हाईक हसत द्यायचं. तेव्हाही ते नियमात बसत नव्हतं. मोटार वाहन नियमात कारच्या पाटीवरच्या आकड्यांचं माप दिलेलं आहे: उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, दोन आकड्यांमधली जागा १०. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजी. त्यात शिरोरेषेला कुठेच जागा नाही. पण पकडत कोण होतं?

आता पकडायची वेळच येत नाही, कारण पाटी आमच्या हातात राहिलेली नाही. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच लागून येते. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची झाली आहे. तुझी स्विफ्ट २०१७ची, म्हणजे तिलाही लागणारच. अ‍ॅल्युमिनियमची ठोकून उठवलेली पाटी, डाव्या बाजूला अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात ‘इंड’ (IND) ही अक्षरं, लेझरनं कोरलेला दहा खुणांचा कोड, आणि एकदा बसवला की तोडल्याशिवाय न निघणारा स्नॅप लॉक. या पाटीवर ४१४१ हा ४१४१च दिसतो. ठरलेला साचा, ठरलेली जाडी.

म्हणजे बघ, दादा त्या नंबरात कधीच नव्हता. तो आमच्या ब्रशात होता. ब्रश गेला, दादा गेला. मग मालक चाळीस हजार कशाचे मागतोय?

तो म्हणेल, मी आरटीओत पैसे भरून नंबर घेतलाय. त्याला एवढंच म्हण, पावती दाखवा. पसंतीच्या नंबरची फी सरकारी तक्त्यात ठरलेली असते आणि भरली की पावती मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं ती फी बरीच वाढवली. चारचाकीच्या ०००१ला बहुतेक जिल्ह्यांत आधी तीन लाख होते, आता पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सहा लाख. एकाच नंबरावर दोघांनी दावा केला तर बंद लिफाफ्यात वरचढ रकमेचा डीडी टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याचा नंबर. तेव्हा खरेच पैसे भरणारी माणसं आहेत, नाही असं नाही. पण पुष्कळदा ४१४१ सीरिज चालू असताना आपोआप पदरात पडलेला असतो. पासिंग एजंटानं ‘भाऊ, तुमचं नशीब’ म्हणून पेढे खाल्लेले असतात. पावती नसेल तर विषय संपला.

आणि पावती असली तरी ते त्याचे खर्च होऊन गेलेले पैसे. गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरसीवर तुझं नाव चढलं की ४१४१ तुझा. माझा एक जुना गिऱ्हाईक याच प्रसंगात म्हणाला होता, “मले नंबर नको, नंबर काढीसन गाडी दे.” मालक एवढा गोंधळला की पुढची सगळी बोलणी गिऱ्हाइकाच्या बाजूनं गेली. तूही म्हणून बघ. मनापासून आवडलाच असेल नंबर, तर गाडीचा भाव ठरल्यावर शेवटी खुशीचे दोन-तीन हजार दे. आधी तोंडातून नंबरचा ‘न’सुद्धा काढू नकोस. तुला तो हवा आहे हे कळलं की चाळीसचे पस्तीस होतील, पाच होणार नाहीत.

उलट तूच त्याच्यावर तीन गोष्टी टाक. पहिली, हाय सिक्युरिटी प्लेट लागलीय का? नसेल तर नाव बदलण्याचं काम आरटीओत अडकतं. कारच्या पाट्यांचा सरकारी दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे, स्नॅप लॉक त्यातच येतात, बसवताना वर काही मागितलं तर द्यायचं नाही. रक्कम लहान आहे, पण अपॉइंटमेंट घेऊन गाडी नेण्याची कटकट त्याच्याकडे राहू दे. दुसरी, ई-चलान. एवढी वर्षं दादा पाटी मिरवत फिरला असेल तर दंड साचलेला असणार. पाटीच्या गुन्ह्याला पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलं तर १५००. वेगाची आणि सीटबेल्टची चलानं वेगळी. गाडी नंबर टाकून सगळी यादी निघते, ती त्याच्यासमोर मोबाईलवर काढ. तिसरी, बँकेचा बोजा. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात घे. ‘फिटलंय हो’ या शब्दावर इसार देऊ नकोस.

रस्त्याच्या कडेला हुबेहूब हाय सिक्युरिटीसारखी दिसणारी पाटी ठोकून देणारेही बसलेले असतात. निळं इंड असतं, चमकी असते. ती गाडीला असली तर फसू नकोस. लेझरचा कोड नखानं चाचपून बघ, छापलेला असेल तर लगेच कळतं. आणि साध्या स्क्रूनं बसवलेली असेल तर बघायचीही गरज नाही.

नवापूर-विसरवाडीकडच्या पोरांसाठी मधेच एक सांगतो. तिकडे सुरतच्या जीजे-०५ गाड्या स्वस्तात येतात, आणि त्यातही फॅन्सी नंबरचे पैसे लावतात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एनओसी आणून, इथला टॅक्स भरून नवा नंबर घ्यावाच लागतो. म्हणजे तिच्या फॅन्सी नंबरची किंमत राज्याच्या हद्दीवरच शून्य होते. राज्यातल्या राज्यात तसं नाही. तुझं एमएच-१८ अमळनेरला आलं तरी एमएच-१८च राहील. जळगावचे एमएच-१९वाले मित्र चिडवतील, तेवढं सहन कर.

आता सामानाकडे येऊ. खरी घासाघीस इथेच आहे.

सेकंडहँड अ‍ॅक्सेसरीजमध्ये नवखा माणूस वस्तूचा भाव करतो आणि उरलेलं सगळं गमावतो. वस्तू काढणार कोण, बसवणार कोण, वायर-फ्रेम-नटबोल्ट कोणाचे, आणि आठ दिवसांत बिघडली तर काय, या चार प्रश्नांतच निम्मा भाव असतो. माझ्या काउंटरवर रोज एक तरी जण येतो, ‘काका, स्क्रीन साडेतीन हजारात मिळाली, बसवून द्या’ म्हणत. फ्रेम नाही, कपलर (वायरी जोडायचा प्लग) नाही, रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर कापलेली. फ्रेम, कपलर आणि मजुरी धरली की नव्या स्क्रीनच्या जवळ पोचतो बिचारा. म्हणून घरातून निघण्याआधी तीन आकडे कागदावर लिही: तीच वस्तू नवी, बिलासकट, बसवून कितीला मिळते, जुनी काढून तुझ्या गाडीत बसवायला खर्च किती, आणि भंगारात तिचं काय येतं. नव्यातून बसवण्याचा खर्च वजा कर, जे उरेल त्याच्या निम्म्यावर बोलणी सुरू कर. भंगाराच्या खाली मालक येणार नाही, तेव्हा तिथे ओढाताण करण्यात वेळ घालवू नकोस. बॅटरी घेताना तर हे पक्कं लक्षात ठेव. आतल्या शिशाला वजनावर भाव असतो, मेलेल्या बॅटरीचेही पैसे येतात.

विकणारा नेहमी ‘उक्ता सौदा’ करायला बघतो. अलॉय, स्क्रीन, कव्हर, बास ट्यूब (डिकीतला मोठा स्पीकर), सगळं मिळून पन्नास हजार. उक्त्यात सडका माल चांगल्याच्या आड लपतो. तू प्रत्येक नगाचा भाव सुटा पाड, बेरीज कर, आणि मग म्हण, ‘आता सगळं घेतो, उक्तं काय लावता?’ क्रम उलटा केलास की गेलास.

अलॉयचं एक सविस्तर सांगतो, कारण यात पैसाही जास्त आणि जिवाचा प्रश्नही आहे.

मागच्या पावसाळ्याआधी धुळ्यात पारोळा चौफुलीच्या बाजूला एका मित्राच्या मुलासाठी १५ इंची चार अलॉय बघायला गेलो होतो, टायरसकट. माल विकणाऱ्याच्या गाडीलाच लागलेला. मी काही न बोलता खाली बसलो आणि टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला लागलो. ‘डीओटी’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायरवर २३१९, म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चौथ्यावर भलताच आकडा. एकच टायर का बदलला? मोठ्या खड्ड्यात फुटला असेल. मग त्या चाकाची रिम कशी असेल? लगेच हात आतल्या बाजूला घातला. बाहेरून सगळे अलॉय चकचकीत असतात, मार आतल्या ओठावर असतो. बोटाला वेल्डिंगची गाठ लागली.

मी उठलो आणि विचारलं, “कितलाले देशी भो?”

“अठ्ठावीस हजार. चारी चाकं नवीनसारखी शेत.”

“तीन नवीनसारखी शेत. चौथं जोडेल शे.” म्हणजे तीन नव्यासारखी आहेत, चौथं जोडलेलं आहे.

त्यानं पोराकडे बघितलं, पोरानं मोबाईलमध्ये बघितलं. दोघांनाही माहीत होतं. मी आरडाओरडा केला नाही. बाजारात खोट सापडली की लोक मालकाचा अपमान करायला लागतात, आणि अपमान झालेला माणूस भाव सोडत नाही, हट्टाला पेटतो. मी फक्त म्हटलं, चला बॅलन्सिंगवाल्याकडे, मशीनवर फिरवून बघू, मशीनचे पैसे माझे. मशीनवर ते चाक असं डोलायला लागलं की बोलायचं काही राहिलं नाही. तो वीसवर आला. मी चौदा म्हटलं. “नही परवडस भो,” म्हणाला आणि चहा मागवला. चहा मागवला म्हणजे सौदा होणार हे समजून घ्यायचं. धुळ्यात काय आणि जळगावात काय, सौदा मोडायचा असेल तर चहा येत नाही.

इथेच ती गोष्ट आहे जी नवख्याला सुचत नाही. अलॉय विकणारा घरी कशावर जाणार? त्याला चार चाकं लागतात. तुझ्या गाडीची स्टीलची रिम आणि जुने टायर हेच त्याला हवे असतात, पण तो ते तोंडानं म्हणत नाही, ‘अदलाबदल करू’ म्हणून फुकटात घ्यायला बघतो. मी त्या चार स्टील चाकांचा भाव आधी त्याच्याच तोंडून काढला. पाच हजार म्हणाला. मग म्हटलं, ठीक, चौदा तुमचे, त्यातून हे पाच वजा, नऊ रोख देतो. वर चौथ्या चाकाऐवजी तुमची स्टेपनी अलॉयची आहे ती द्या. तास गेला, पण झालं. अलॉयचे नट आणि मधल्या चार टोप्या बोलण्यात आधीच घालून ठेवल्या होत्या. अलॉयला बऱ्याचदा वेगळे नट लागतात, जुने बसले नाहीत तर चाक सैल राहतं. एक टोपी नसली की पोरं दुकानादुकानांतून ती शोधत फिरतात.

मोजमाप आधी जुळव. स्विफ्टला चार नट आणि पीसीडी, म्हणजे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, १०० मिलिमीटर; लिहितात ४×१००. इनोव्हाचं ५×११४.३, ते तुला फुकट मिळालं तरी उपयोग नाही. ‘थोडं घासून बसेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघ. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटरची खूण असते, नक्षी तिथवर झिजली असेल तर त्या टायरची किंमत शून्य धर. आपल्याकडे अजून एक बघायचं. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो. नक्षी शिल्लक असलेला टायरही उन्हात उभा राहून दगड होतो. बाजूला नख दाब, बारीक भेगा दिसल्या की समज.

हेच ऊन स्क्रीनलाही खातं. दुपारी काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, तिथे ती स्क्रीन वर्षानुवर्षं भाजलेली असते. म्हणून स्क्रीन सकाळी बघू नकोस, दुपारी दोनला जा आणि वीस मिनिटं चालू ठेव. कडेला पिवळटपणा येतो का, कोपऱ्यातला टच मरतो का, आपोआप बंद होऊन चालू होते का, ते तेव्हाच कळतं. सेटिंगमध्ये दिसणाऱ्या ‘४ जीबी’वर विश्वास ठेवू नकोस. स्वस्त चिनी स्क्रीनमध्ये तो आकडा नुसता लिहून ठेवलेला असतो. नकाशा, गाणं आणि रिव्हर्स कॅमेरा एकाच वेळी चालव. अडखळली तर एक जीबी समज आणि तेवढाच भाव दे. कपलर काढून आत बघ. पिनांच्या मुळाशी काळी माती साचलेली दिसली तर ती गाडी कधीतरी नाल्याच्या पाण्यात उभी होती.

आणि कापलेली वायर. ही एक गोष्ट पाठ करून ठेव. मालकानं स्वतः काढलेला टेप किंवा स्क्रीन कपलरसकट येते, कारण कपलर दाबून काढायला दहा सेकंद लागतात. चोराला ती दहा सेकंद परवडत नाहीत, तो वायर कापतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्या दुकानात भारीतला टेप घेऊन आला. मागच्या वायरी चार बोटांवर सरळ छाटलेल्या. पाव किमतीत मागत होता. मला हाव सुटली. घासाघीस करून अजून तीनशे तोडले आणि स्वतःला हुशार समजलो. तीन आठवड्यांनी त्या पोराला बरोबर घेऊन पोलीस दुकानात आले. टेप गेला, पैसे गेले, जबाब देण्यात चार दिवस गेले, आणि गल्लीत महिनाभर मान खाली. आता तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असताना घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पाव किंमत आणि कापलेली वायर एकत्र दिसणं, हेच ते कारण. तेव्हा विकणाऱ्याचं आधार कार्ड, गाडीची आरसी आणि स्क्रीन गाडीत लागलेली असतानाचा फोटो माग. चोख माणूस हसत देतो. मारुती इको व्हॅनच्या सायलेन्सरचीही तीच गत. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी तो रात्रीतून कापून नेतात. कोणी सुटा सायलेन्सर स्वस्तात देऊ केला तर भाव विचारायलाही थांबू नकोस.

सीट कव्हरवर फार शब्द घालवत नाही. जुनं घेऊच नकोस असं मी म्हणेन, पण घ्यायचंच असेल तर गाडी रावेर-यावलकडची होती का विचार. केळीचा चीक लागलेलं कव्हर कितीही धुतलं तरी काळे डाग जात नाहीत, पावडर लावून दोन दिवस लपवतात फक्त. आणि सीटमध्ये साइड एअरबॅग असलेल्या गाडीला साधं कव्हर घातलं तर बॅग फुटायच्या वेळी शिवण आड येते. तुझ्या २०१७च्या स्विफ्टला ती अडचण नाही, पण उद्या गाडी बदलशील तेव्हा जुनं कव्हर पुढे नेऊ नकोस.

काही वस्तूंवर मी भावच करत नाही, कारण घ्यायच्याच नाहीत. जुना सीएनजी सिलिंडर: त्याची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, किट आरसीवर चढवावं लागतं, कागद नसलेला सिलिंडर म्हणजे डिकीत ठेवलेला धोका. पुढचा लोखंडी गार्ड: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, आणि तो एअरबॅगच्या सेन्सरच्या आड येतो. काळी फिल्म: २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केली. काचेतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूनं ५० टक्के उजेड जायलाच हवा. सीटबेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप कोणी फुकट दिली तरी फेकून दे.

वेळ कधीची साधायची, हेही भावातच धर. आपल्याकडे पैसा कापूस आणि केळीबरोबर फिरतो. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की गल्लीगल्लीत अलॉय चढतात, तेव्हा भाव करायला गेलास तर दुकानदार तुझ्याकडे बघणारही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नव्या गाड्या घरी येतात आणि जुन्या गाडीचं सामान उतरतं, म्हणजे माल वाढतो. त्यानंतर मृगाच्या तोंडावर बियाणं-खताला पैसे लागतात आणि बास ट्यूब, स्क्रीन, अलॉय सगळं विक्रीला येतं. घ्यायला तोच काळ. फक्त एक विनंती, पेरणीसाठी विकणाऱ्या माणसाला चिंधीचिंधी करून पाडू नकोस. मी तरी अशा वेळी दुसरा भाव झाला की थांबतो. हा धंद्याचा नियम नाही, माझा आहे.

सौदा झाल्यावर रोख देऊन निघू नकोस. इसार म्हणून हजार-दोन हजार दे, बाकी वस्तू तुझ्या गाडीत चालू झाल्यावर. साध्या वहीच्या पानावर वस्तू, रक्कम, तारीख, ‘आठ दिवसांत बिघडली तर परत’ आणि दोघांच्या सह्या. लोक म्हणतात, एवढ्याशा व्यवहाराला कागद कशाला. ज्याला कागद नको असतो, त्याच्याच वस्तूला तो लागतो. पुढे विम्याच्या एजंटाला फोन करून स्क्रीन आणि स्पीकर पॉलिसीत चढव. इलेक्ट्रिकल सामानाच्या किमतीवर ४ टक्के जादा प्रीमियम लागतो. चढवलं नाही आणि गाडी फुटली, तर कंपनी त्याचा एक रुपया देत नाही.

तुझ्या बजेटचा आकडा तू लिहिलेला नाहीस, म्हणून क्रम सांगतो. आधी अलॉय-टायर बघ, कारण रस्त्यावर तेच टेकतात. मग स्क्रीन. कव्हर शेवटी, आणि नवं. नंबरचं खातं रिकामं ठेव. धुळ्याला जाताना चाकाचा पाना, टॉर्च आणि एक असा मित्र घेऊन जा ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही. त्याला शिकवून ठेव, दर दहा मिनिटांनी एवढंच म्हणायचं, ‘चल ना, उशीर होतोय.’ माझ्या बायकोनं हे काम वीस वर्षं केलंय, तिच्याइतके पैसे माझ्या अकलेनं वाचवले नाहीत.

आणि दादा हवाच असेल तर जळगावला ये. माझे ब्रश अजून आहेत, रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो. पत्र्याच्या तुकड्यावर काळ्या एनॅमलमध्ये ४१४१ बांधून देतो, शिरोरेषेसकट, घरात भिंतीवर लाव. अडीचशे रुपये. त्यात काही कमी होणार नाही, आणि एनॅमल वाळायला एक दिवस लागतो, तेव्हा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं ठरवून येऊ नकोस.